बदली आजीचे नऊ रविवार

आमच्या नाटकमंडळीत तिला सगळे टाचणी म्हणत. ती पोशाख सांभाळायची. तोंडात ओठांच्या कडेला चार-सहा टाचण्या कायम धरलेल्या, त्यामुळे तिचं बोलणं मानेनं चालायचं. हो, नाही, वळा, हात वर करा, श्वास आत घ्या, हे सगळं ती मानेनं सांगायची आणि आम्ही मोठमोठ्या भूमिका करणारी माणसं निमूट ऐकायचो.

दुसऱ्या अंकात माझा एक पोशाख चाळीस सेकंदांत बदलावा लागे. मी अंधारात विंगेत यायची, तेव्हा तिने घेरदार झगा जमिनीवर विहिरीसारखा गोल मांडून ठेवलेला असायचा. मी त्यात पाय टाकायची, ती तो वर ओढायची आणि मी घोटभर पाणी पिईपर्यंत पाठीचे अकरा हूक लागलेले असायचे. एकोणीस वर्षांत एकही हूक चुकला नाही. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या त्या मला. हुकांना कोण टाळ्या वाजवणार?

तिचा नवरा पाणीखात्यात मीटर तपासायचा. सरळ माणूस. सकाळी आठला निघे, संध्याकाळी साडेसहाला घरी. टाचणीचं घड्याळ बरोबर उलटं. लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा तो तिला म्हणाला, "तुझं घर विंगेत आहे. इथे तू पाहुणी येतेस." ती काही बोलली नाही. तेव्हा तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी बोलली नाही.

वेगळं व्हायला निमित्त घडलं ते मुलीच्या शाळेचं. मुलगी साडेचार वर्षांची, बालवर्गात. एका जागी पाय ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. त्या दिवशी तिला पाच वाजता शाळेतून आणायचं काम टाचणीचं होतं. ती विसरली. पावणेआठपर्यंत भिंगरी शाळेच्या पहारेकऱ्याजवळ स्टुलावर बसून होती. शेवटी घरी दोघींची वाट बघून बाप शाळेकडे गेला, तेव्हा ती त्याला दिसली. पहारेकऱ्याने तिला आपली टोपी घातली होती, म्हणजे ती रडायची थांबावी.

कोर्टाच्या कागदात हे एका परिच्छेदात आहे. 'आई कामाच्या ठिकाणी अडकल्यामुळे' असं तिथे लिहिलंय. कशात अडकली, ते लिहिलेलं नाही. ते मी इथे लिहिते. माझ्या झग्याची खांद्यावरची शिवण उसवली होती. पावणेपाचला टाचणी निघायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "हे झाल्याशिवाय हलायचं नाही हं. उघड्या खांद्यानं मी राणी व्हायची का भाजीवाली?" सगळे हसले. ती बसली. एक शिवण झाली, मग मला दुसरीही सैल वाटली. तिसरी घंटा होईपर्यंत मी तिला सोडलं नाही, आणि ती मुलीला विसरली असं आम्ही सगळेच पुढे म्हणत राहिलो.

ती वेगळी झाली. भिंगरी बापाकडे राहिली, घरात आत्या होतीच. शाळेचा तो प्रकार पाहून न्यायाधीशांनी ठरवलं की आईने मुलीला भेटावं, पण कोर्टाच्या इमारतीतच, मुलांच्या खोलीत, देखरेखीखाली. एक रविवार सोडून एक, चार ते सहा.

"रविवार सोयीचा आहे ना?" असं त्यांनी तिला विचारलं होतं. तिने मान हलवली.

जगात सगळ्यांना रविवारी सुट्टी असते, असं न्यायाधीशांना वाटलं, त्यात त्यांची काय चूक? नाटकवाल्यांना रविवार म्हणजे आठवड्याचा सगळ्यात मोठा दिवस. साडेतीनचा प्रयोग, परत सातचा प्रयोग. हे तिने सांगायला हवं होतं. ती कोर्टातून आल्यावर मी तिला रागावले, तर म्हणाली, "बाई, ते एवढे मोठे साहेब. एवढा दिवस शोधून दिला त्यांनी. मी कशी नको म्हणू?"

सुरुवातीचे काही रविवार तिने हाताखालच्या पोरीवर काम टाकून निभावले. मग एका प्रयोगात नायकाच्या कोटाला बाही उलटी लागली. नायक रंगमंचावर गेला तो एक हात लपवूनच. मालक विंगेत येऊन कडाडले, "रविवारी सुट्टी मागणारा नाटकवाला म्हणजे पाण्याला भिणारा मासा! तुला काम हवंय की नकोय?"

तोवर मी रंगमंच सोडला होता. गुडघ्यांनी हात टेकले. तरी प्रयोगाच्या वेळी ग्रीनरूममध्ये जाऊन बसायची, सवय जात नाही. टाचणी कोपऱ्यात इस्त्री करत होती. इस्त्रीच्या वाफेत रडलं तर कोणाला कळत नाही, असं तिला वाटत असावं.

"किती वाजता भेट?" मी विचारलं.

"चार."

"मग मी जाते."

"तुम्ही?"

"अगं, नटी आजारी पडली तर बदली उभी करतो की नाही? प्रयोग रद्द करतो का? पोरगी वाट बघत बसण्यापेक्षा कोणीतरी गेलेलं बरं."

नाटकात एखाद्याची भूमिका ऐनवेळी दुसऱ्याने करायची, त्याला आम्ही बदली म्हणतो. बदली उभी राहिली तरी वहीत 'प्रयोग झाला' असंच लिहितात. पडदा वर गेला आणि खाली आला, म्हणजे झाला. हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं की त्यात काही गैर आहे, असं दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. उलट मला तर हुरूप चढला. सहा महिने मला कोणी भूमिका दिली नव्हती.

मुलांची खोली दुसऱ्या मजल्यावर. भिंतींवर रंगवलेले प्राणी, त्यांतल्या जिराफाची मान दाराच्या चौकटीत कापली गेलेली. एक प्लास्टिकची घसरगुंडी, चाकं नसलेल्या मोटारी, लहान मुलांच्या खुर्च्या. त्यांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. दाराशी देखरेखीच्या मावशी विणकाम करत बसायच्या. त्यांच्यापुढे वही. भिंगरीला आत्या चारच्या आधीच त्यांच्याकडे सोडून जायची.

"कोण आपण?" मावशींनी विचारलं.

"मी आजी," मी म्हटलं. आवाज जरा खाली आणला, पाठीला किंचित बाक दिला. "मुलीची आई येतेय मागून. तोवर बसू का?"

मावशी चांगल्या होत्या, म्हणूनच फसल्या. वहीत लिहिलं, 'आजी'. आई काही मागून आली नाही. पुढच्या वेळी त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "या आजी, नात वाट बघतेय," म्हणाल्या.

भिंगरीला मी काय काय करून दाखवलं! चोर, पोलीस, पिंजऱ्यातला पोपट, शिंक अडकलेला राजा. खोलीतली बाकीची मुलंही गोळा व्हायची. एक बाप तर स्वतःच्या मुलाला सोडून माझ्याकडे बघत बसायचा. सहा वाजले की भिंगरी विचारायची, "आजी, पुढच्या वेळी तू येणार की आई?" मी म्हणायची, "तुला कोण हवं?" आणि तिने माझं नाव घेतलं की मला गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला सांगू, त्या पोरीने मलाच निवडावं, असं मला वाटायचं. असा प्रश्न मुलाला कोणी विचारतं का?

टाचणी जायची तेव्हा काय करायची, ते मावशींनीच एकदा मला सांगितलं. पोरीच्या फ्रॉकची गुंडी सैल आहे का बघायची, केस नीट करायची, आणि मग दोघी नुसत्या बसायच्या. "आई गरीब आहे हो तुमची. म्हणजे तुमची मुलगी," मावशी म्हणाल्या. मी मान हलवली.

अकरा महिने असे गेले. मग टाचणीला एक तरुण वकिलीण मिळाली. सतत घाईत असायची, पर्समधली बिस्किटं खात खात फाइल वाचायची. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, "नाटकघराची सुट्टी कधी असते?"

"बुधवार."

"मग अकरा महिने गप्प का बसलात?" आणि तिनेच अर्ज तयार केला. भेट रविवारऐवजी दर बुधवारी असावी, आणि महिन्यातून एक रात्र मुलीला आईकडे राहू द्यावं.

ही एक रात्र टाचणीला सगळ्यात हवी होती. नाटकघरामागच्या गल्लीत तिची एक खोली होती. सेटच्या सुताराने उरलेल्या फळ्यांमधून छोटा पलंग करून दिला. त्याने आयुष्यभर खोटे दरवाजे आणि खोटे जिने केलेले, म्हणून तो चारचारदा त्यावर बसून बघत होता. "हा खरा आहे ना रे?" मी विचारलं. "बाई, हत्ती बसवा," तो म्हणाला. टाचणीने चादर शिवली, उशीला अभ्रा शिवला. तिच्या खोलीत गेलं की ती आधी पलंग दाखवायची, मग बसायला सांगायची.

अर्ज वाचून दाखवताना वकिलीणबाईंनी विचारलं, "चोवीस भेटींपैकी किती चुकल्या?"

"एकही नाही," टाचणी म्हणाली.

"नक्की?"

मी शेजारी बसले होते. मी ठासून म्हटलं, "एकही नाही. मी साक्ष आहे." वकिलीणबाई खूश झाल्या. अर्जात मोठ्या दिमाखाने वाक्य आलं: आईने एकही भेट चुकवलेली नाही.

देवाशपथ सांगते, आम्ही खोटं बोलत नव्हतो. आमच्या हिशेबी चोवीसच्या चोवीस प्रयोग झाले होते.

सुनावणीच्या दिवशी मी तिसऱ्या बाकावर बसले. टाचणी पुढे. नवरा पलीकडे, खात्याचा गणवेश घालूनच आला होता, कारण त्याला परत कामावर जायचं होतं. त्याच्या वकिलांना सर्दी झाली होती. दर वाक्याला रुमाल. मला वाटलं, हे काय बोलणार? त्यांनी फक्त एक वही पुढे ठेवली. मुलांच्या खोलीतली.

"साहेब, चोवीस भेटी. त्यांत पंधरा वेळा 'आई' लिहिलंय. नऊ वेळा 'आजी'." रुमाल. "माझ्या अशिलाच्या सासूबाई मुलीच्या जन्माच्या आधीच गेल्या. मग ही आजी कोण?"

वकिलीणबाई टाचणीकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अजून विसरले नाही. फसवलं गेलेलं माणूस तसं दिसतं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही सांगा. आजी कोण?"

टाचणी उभी राहिली. "माझी आई नाही साहेब. ती बदली होती."

"कसली बदली?"

"आमच्यात असते. मी कामावर असायची, तेव्हा मुलगी एकटी बसू नये म्हणून."

"म्हणजे मुलगी आईला भेटायला यायची, आणि तिथे आई म्हणून दुसरंच कोणीतरी?"

"आई म्हणून नाही साहेब. आजी म्हणून."

कोणीतरी मागे हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "आणि वर लिहिता, एकही भेट चुकवली नाही. ही कल्पना कोणाची?"

हाच तो क्षण. मला उठायचं होतं. कल्पना माझी, 'आजी' हा शब्द माझा, 'एकही नाही' हे ठासून सांगणारी मीच. चार पावलं पुढे जायचं आणि एवढंच बोलायचं. एकेचाळीस वर्षांत मी एकही एन्ट्री चुकवली नाही. तापात गेले, वडील गेले त्या दिवशी गेले. त्या दिवशी मी बाकावरच बसून राहिले. गुडघे दुखत होते, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. मला भीती वाटली. पेपरात येईल, लोक म्हणतील म्हातारीने कोर्टात सोंग काढलं.

"माझी," टाचणी म्हणाली. मान हलवून नाही, खणखणीत शब्दात. "कल्पना माझी. त्यांनी नुसती मदत केली."

निकाल तिथेच झाला. भेटीचा दिवस बदलून दर बुधवार, चार ते सहा. जागा तीच, देखरेख तीच. मुक्कामाचा विचार सहा महिन्यांनी, वही बघून. आणि शेवटी न्यायाधीशांनी एक ओळ लिहायला सांगितली: या भेटीत आईऐवजी किंवा आईसोबत दुसरं कोणीही येणार नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात नवरा माझ्यापाशी आला. मला वाटलं आता हा बोलणार, आणि बोलला तर बरं.

"बाई, तुमचं काम पाहिलंय मी. लग्न नवीन होतं तेव्हा हिने पास आणले होते," तो म्हणाला. "मुलगी घरी येऊन तुमची नक्कल करायची. शिंक अडकलेला राजा. मला वाटायचं, हिच्याकडची कोणी म्हातारी असेल. हिला कोणी नाही ना, म्हणून बरं वाटायचं मला." टोपी घालून तो जिना उतरून गेला.

मी आणि टाचणी बसने परतलो. 

"अगं, मी उठायला हवं होतं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

एवढंच. जाऊ द्या बाई, असं म्हणाली असती तर मला घरी जाऊन जेवण गेलं असतं. ती खोटं बोलली नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी गेलात, ते मी विसरणार नाही. पण भिंगरी मला विचारते, तू आजीसारखी का नाही बोलत. कितीतरी महिने विचारते."

हे ती मला पहिल्यांदा सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी वकिलीणबाईंकडे गेले. म्हटलं, मला लिहून द्यायचंय. माझी कल्पना होती, शाळेच्या दिवशीही मीच तिला अडवलं, सगळं.

"आता? पडदा पडल्यावर?" त्या अजून रागावलेल्या होत्या. "काल दोन मिनिटं उभं राहायला काय झालं होतं?"

"घाबरले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बिस्किटांचा पुडा पुढे केला. "लिहून आणा. सहा महिन्यांनी जोडू. तेव्हा मात्र स्वतः उभं राहायचं."

मी चार पानं लिहून नेली. त्यांनी अर्धं पान ठेवलं. "विशेषणं काढा बाई. 'काळीज विदीर्ण करणारी ती संध्याकाळ' हे कोर्टाला नको. किती वाजता निघत होती आणि तुम्ही काय म्हणालात, एवढं हवं." मी लिहिलं: पावणेपाच. हे झाल्याशिवाय हलायचं नाही. एवढंच कागदावर बघितल्यावर ते चार पानांपेक्षा वाईट दिसत होतं. खाली सही केली.

पहिला बुधवार आला. मी दुपारपासून घड्याळ बघत घरी बसले होते. सवयीने तीनदा उठून आरशात पाहिलं. गुरुवारी ग्रीनरूममध्ये गेले तेव्हा टाचणी एका कोटाला गुंड्या लावत होती. मी समोर बसले, विचारलं नाही. तिनेच सुई थांबवली.

"झोपली," ती म्हणाली.

"कोण?"

"भिंगरी. शाळा आता साडेतीनला सुटते, तिथून आली ती दप्तरासकट माझ्या मांडीवर बसली. मी म्हटलं, काय खेळायचं? ती म्हणाली, काही नको. दहा मिनिटांत झोपली. माझा पाय बधिर झाला हो! मावशी दोनदा म्हणाल्या, उठवू का, तुमची वेळ संपत चाललीय. मी म्हटलं, राहू द्या." ती हसली. गालावर सुरकुती पडते तिच्या, ती मी एकोणीस वर्षांत बघितली नव्हती. पाठीमागे असायची ना माझ्या. "दोन तासांतला दीड तास झोपली. मी काही म्हणजे काही केलं नाही बाई."

माझ्या नऊ रविवारांत भिंगरी एकदाही झोपली नव्हती. डोळे चोळायची, जांभई द्यायची. मी बघायची आणि आवाज चढवायची. प्रेक्षक जांभई द्यायला लागला की आम्ही तेच करतो. सहा वर्षांचं पोर दमलंय, हे काही मला कळलं नाही, असं नाही. कळत होतं. पण मला शेवटपर्यंत तिचे डोळे माझ्यावर हवे होते.

टाचणीने दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला.

"पुढच्या बुधवारी छोटी उशी नेली तर चालेल का हो?" तिने विचारलं. "त्याला परवानगी लागेल? काय सांगू मावशींना?"

माझ्या तोंडाशी लगेच तीन युक्त्या आल्या. कोणता चेहरा करायचा, कोणत्या आवाजात मावशींना गोड बोलायचं. मी ओठ मिटून घेतले.

"वकिलीणबाईंना विचार," मी म्हटलं. "मला नको विचारूस."